दुखापतीनंतर पियानोवर परतताना पीस कसे निवडायचे

मनगटाचं प्लास्टर निघतं, डॉक्टर सांगतात की हळूहळू वाजवायला हरकत नाही, आणि त्याच संध्याकाळी माणूस पियानोचं झाकण उघडून आपला सगळ्यात मुरलेला, आवडता पीस, म्हणजे रचना, वाजवायला बसतो. परतताना होणारी पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पीस पाठ असतो, त्यामुळे हात जुन्या वेगाने आणि जुन्या जोराने धावतो. हाड जुळलेलं असतं, पण आठवडेच्या आठवडे न हललेले स्नायू आणि आखडलेले सांधे त्या वेगाला तयार नसतात. दुसऱ्या दिवशी मनगट सुजतं, पुन्हा आठवडाभर सुट्टी, आणि ‘आता आपलं वाजवणं संपलं’ अशी उगाचची धास्ती.

दुसरी चूक याच्या उलट टोकाची. ‘सोपं काहीतरी घेऊ’ म्हणून लोक खालच्या ग्रेडचा, म्हणजे परीक्षेच्या खालच्या पातळीचा, किंवा संथ पीस उचलतात. पण ग्रेड ठरते ती वाचायला आणि वाजवायला तो पीस एकूण किती अवघड आहे यावर. तुमच्या दुखऱ्या मनगटाला तो काय करायला लावतो, याच्याशी ग्रेडचा फारसा संबंध नाही. संथपणाचंही तेच. म्हणून या लेखात पीस निवडायचे ते एकाच कसोटीवर: तो हाताला कोणत्या हालचाली करायला लावतो, आणि किती वेळा.

मुख्य उदाहरण उजव्या मनगटाच्या फ्रॅक्चरचं घेतलं आहे. पावसाळ्यात पाय घसरून किंवा दुचाकीवरून पडून हात टेकला की ते होतं, आणि माझ्याकडे दुखापतीनंतर शिकायला परत येणाऱ्यांत ते बरंच दिसतं. अतिसरावाने सुजलेले स्नायुबंध, अंगठ्याच्या मुळाशी होणारी कळ किंवा नस दबणं यांसाठी वेगळं काय करायचं, ते जागोजागी सांगितलं आहे.

टप्पा 1: डॉक्टरांना आणि फिजिओला नेमकं विचारा

‘पियानो वाजवू का?’ या प्रश्नाला ‘हो, वाजवा’ हेच उत्तर मिळतं. ज्यांनी कधी वाजवलेलं नाही, त्यांच्या डोळ्यासमोर बोटांचं हलकं काम असतं. त्याऐवजी कुणी वाजवत असतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ फोनवर दाखवा, नुसते हात दिसतील असा. मग हालचालींची नावं घेऊन विचारा:

- तळहात पूर्ण पालथा करून सलग दहा मिनिटं ठेवला तर चालेल का?
- अंगठा आणि करंगळी ताणून पंजा पूर्ण उघडला तर?
- अंगठा तळहाताखालून सरकवला तर? स्केल, म्हणजे ओळीने चढते-उतरते स्वर, वाजवताना हे सतत होतं.
- दार उघडताना मूठ फिरते तसा हात भरभर डावी-उजवीकडे फिरवला तर?
- एकाच जागी पुन्हा पुन्हा आघात केला तर?
- जोर लावून दाबलं तर?

प्रत्येकापुढे ‘आता चालेल’, ‘अमुक आठवड्यांनी’ किंवा ‘नको’ असं लिहून घ्या. पीस निवडण्याचं अर्ध काम या कागदावरच होतं. मनगटाच्या फ्रॅक्चरनंतर हात पालथा-उताणा फिरवणं बऱ्याच जणांना उशिरा मोकळं होतं, आणि पियानोला तर हात कायम पालथाच लागतो. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर नीट घ्या.

सावधान: बोटांत मुंग्या किंवा बधिरपणा, हाताचा रंग बदलणं, आग होणं, कमी न होणारी सूज, यांपैकी काही असेल तर पीस निवडायची वेळ अजून आलेली नाही. फ्रॅक्चरनंतर काही आठवड्यांनी अंगठ्याचं टोक अचानक वर उचलता येईनासं झालं, तर वेदना नसली तरी लगेच डॉक्टरांकडे जा. अंगठा उचलणारा स्नायुबंध झिजून तुटल्याची ती खूण असू शकते. आणि दुखत नसताना बोटं आपोआप मुडपत असतील किंवा ऐकत नसतील, तर सराव वाढवून ते सुधारत नाही, तिथे मेंदू-मज्जातंतूंच्या तज्ज्ञांना दाखवायला हवं.

टप्पा 2: पियानोला हात लावण्याआधी हात मोजा

एक फूटपट्टी, एक कागद, पाच मिनिटं. कागदावर पंजा आरामात उघडा, ताणू नका. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा. पियानोवर एका सी पासून पुढच्या सी पर्यंत, म्हणजे दोन पट्ट्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत, साधारण 16.5 सेंटीमीटर भरतात. तुमचा आरामाचा पंजा जेमतेम तेवढाच भरत असेल, तर ऑक्टेव्ह, म्हणजे हेच सी ते सी अंतर, आज तुमच्यासाठी आरामाचा नाही, शेवटच्या टोकाचा ताण आहे. दुखापतीआधी तो सहज पोचत होता, हे आत्ता विसरून जायचं. दोन्ही हात मोजून तारीख घाला, आणि दर आठवड्याला त्याच कागदावर पुन्हा मोजा.

मग जेवणाच्या टेबलावर पियानोवर ठेवतो तसे हात ठेवा आणि पाचही बोटं एकेक करून हलकेच टेकवा. अंगठ्यापासून मोजलं तर चौथं आणि पाचवं बोट मागे राहतंय का, अंगठा बाजूला नेताना ओढ बसते का, खांदा नकळत वर चढतो का, ते पाहा. दुखऱ्या मनगटाला वाचवायला माणूस खांदा उचलतो आणि कोपर अंगापासून दूर नेतो. हे टेबलावरच दिसत असेल तर पियानोवर दुप्पट दिसेल.

टप्पा 3: वाद्य ठरवा, कारण पीस वाद्यावरही अवलंबून आहे

ध्वनिक पियानोची पट्टी खाली नेण्यासाठी साधारण 50 ग्रॅमचं वजन लागतं, आणि ती जवळपास 10 मिलिमीटर खाली जाते. आकडा लहान वाटतो, पण तो जेमतेम आवाज काढण्यापुरता आहे. मोठा आवाज हवा असेल तर जोर कितीतरी पट वाढतो. 61 पट्ट्यांच्या साध्या कीबोर्डला वजनच नसतं, तिथे जमलेला पीस पियानोवर जमेलच असं नाही. म्हणून ज्या वाद्यावर पुढे वाजवायचं आहे त्यावरच पीस पारखा. पहिले काही दिवस हलक्या कीबोर्डवर काढायला हरकत नाही, मात्र तिथला अंदाज इकडे धरू नका.

डिजिटल पियानोबाबत एक गैरसमज दूर करायलाच हवा. सेटिंगमध्ये ‘लाइट टच’ निवडलं की पट्टी हलकी होत नाही. कमी जोरातही जास्त आवाज येतो, एवढंच. पण हे आपल्या फायद्याचं आहे. लाइट टच ठेवा आणि आवाजाची खुंटी नेहमीपेक्षा वर करा, म्हणजे आवाज मिळवायला हात दामटावा लागणार नाही. रात्री शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून आवाज कमी ठेवून वाजवणारे नकळत जास्त जोर लावतात, त्यांनी हेडफोन वापरावा.

बसण्याची उंची: कोपर पट्ट्यांच्या पातळीवर किंवा किंचित वर. घरातली प्लॅस्टिकची खुर्ची बहुधा बुटकी पडते, त्यामुळे मनगट खाली लोंबतं किंवा मागे वाकतं. घडी घातलेली सतरंजी खाली घ्या.

टप्पा 4: जुने पीस तात्पुरते बाजूला

जे पीस डोळे मिटून वाजत होते, त्यांची पुस्तकं वेगळी काढून कपाटात ठेवा. हे निष्ठुर वाटतं, पण अनोळखी पीस वाचत वाचत वाजवावा लागतो, त्यामुळे वेग आपोआप आटोक्यात राहतो. नवा पीस तुम्हाला स्वतःची जुन्या स्वतःशी तुलनाही करू देत नाही, आणि या काळात ती तुलना मन मोडते. ज्यांना नोटेशन येत नाही आणि कानाने सिनेमाची गाणी वाजवतात, त्यांनाही हेच लागू आहे: नवं गाणं घ्या.

टप्पा 5: पेन्सिल घेऊन पीस वाचा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, आणि लोक तोच गाळतात. पियानोपासून लांब बसा. पहिल्या टप्प्यातला कागद शेजारी ठेवा. पीसच्या प्रत्येक ओळीवर दुखऱ्या हाताला जिथे ‘नको’ किंवा ‘नंतर’ असलेली हालचाल करावी लागते, तिथे खूण करा: ताण, अंगठा खालून, फिरवणं, तोच स्वर पुन्हा पुन्हा, जोर. मग एक गोष्ट मोजा जी कुणी मोजत नाही: दुखऱ्या हाताला पूर्ण विश्रांती किती वेळा मिळते.

बाखचा सी मेजर प्रिल्यूड घेऊ, ‘वेल-टेम्पर्ड क्लेव्हियर’च्या पहिल्या भागातला पहिला. शांत, एकसारखा, परतणाऱ्यांना सगळे तोच सुचवतात. आता मोजून पाहा. एका बारमध्ये, म्हणजे पानावरच्या दोन उभ्या रेघांमधल्या एका घरात, 16 स्वर आहेत. त्यांतले चार डाव्या हाताचे, 12 उजव्याचे. हा साचा 35 पैकी 32 बार तसाच चालतो, म्हणजे उजवा हात जवळपास चारशे आघात करतो आणि अर्ध्या बीटपेक्षा (ठोक्यापेक्षा) जास्त थांबा त्याला कुठेच मिळत नाही. शिवाय 5, 7, 13 आणि 15 या बारमध्ये उजव्या पंजाला पूर्ण ऑक्टेव्ह उघडावा लागतो. स्वर एकेक करून येतात हे खरं, पण संथ वाजवताना बहुतेक जण पंजा आधीच ताणून धरतात आणि तसाच ठेवतात. डाव्या हाताला पहिला ऑक्टेव्ह 21व्या बारमध्ये येतो.

म्हणजे उजवं मनगट मोडलेल्याला हा पीस पहिल्या आठवड्यात नको. डावं मनगट मोडलेल्याला मात्र पहिल्या 20 बारपर्यंत फार चांगला आहे. त्यातही डाव्या हाताचे स्वर लिहिलेत तसे दाबून धरू नका. स्वर पेडलवर सोपवून हात सैल सोडा.

तपासून पाहा: एका पानावर पाचपेक्षा जास्त खुणा झाल्या, किंवा दुखऱ्या हाताला अख्ख्या ओळीत एकही विश्रांती नसेल, तर तो पीस आत्ता बाजूला ठेवा. पाचचा आकडा माझ्या अनुभवातला आहे. तुमचा तीन असू शकतो. पण आकडा आधी ठरवा आणि मगच पीस वाचा, नाहीतर आवडत्या पीसला आपण सूट देतो.

टप्पा 6: पहिले पीस

पहिल्या आठवड्यांसाठी पीस असे हवेत की हात एका जागी पाच पट्ट्यांवर राहील, आवाज मध्यम राहील आणि पीस पानभरही नसेल. बार्टोकच्या ‘मिक्रोकॉस्मॉस’चा पहिला खंड यासाठी मला सगळ्यात उपयोगी वाटतो. सुरुवातीच्या सहा तुकड्यांत दोन्ही हात तीच धून वाजवतात, पंजा कुठे ताणावा लागत नाही. मोठ्या माणसाला ते बालिश वाटत नाहीत, कारण पुढे-पुढे त्यांचे स्वर आणि लय कानाला खरोखर काम देतात. यात एक फायदा लपलेला आहे: दोन्ही हात एकच वाजवत असल्यामुळे दुखरा हात कुठे मागे पडतो, कुठे कमी वाजतो, ते लगेच ऐकू येतं.

नंतर, उजवा हात दुखरा असेल तर एरिक साती या संगीतकाराची पहिली ‘जिम्नोपेदी’. उजव्या हाताला बराच वेळ संथ, एकेरी धून आहे, आणि ती सुरू होण्याआधी चार बार तो मोकळाच असतो. डावा हात खालच्या स्वरावरून वरच्या कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या स्वरांवर) उडी मारत राहतो. ती उडी संथ आहे, पण डावा खांदा दुखरा असेल तर हा पीस टाळा. लांब स्वर दाबून ठेवायची सवय इथेही मोडा. पट्टी तळाला गेल्यावर दाबत राहून आवाज वाढत नाही, मनगट मात्र आवळलेलं राहतं.

शोपँचा ई मायनर प्रिल्यूड, ओपस 28 मधला चौथा, 25 बारचा आहे. उजव्या हाताला लांब लांब स्वर, डाव्या हाताला सतत कॉर्ड. उजवं मनगट दुखावलेल्यासाठी याचे पहिले 12 बार उत्तम. पुढच्या अर्ध्या भागात, 16व्या बारच्या आसपास, आवाज चढतो आणि उजव्या हाताला झेप घ्यावी लागते, तो भाग नंतर. डावा हात दुखावला असेल तर हा पीस घेऊच नका, कारण डाव्याला जवळपास थांबाच नाही.

अख्खा पीस पूर्ण करायलाच हवा असं कुणी सांगितलेलं नाही. 12 बार सुरेल वाजले तर ते 12 बारच आजचा पीस.

अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल तर निवड बदलते. स्केल असलेले पीस, म्हणजे क्लेमेंटीच्या ओपस 36 मधल्या सोनाटिना किंवा मोझार्टच्या सी मेजर सोनाटाचा (के. 545) पहिला भाग, बरेच पुढे ढकला. त्या सोनाटात पाचव्या बारपासून उजव्या हाताला सलग स्केल आहेत, आणि डावा हात पहिल्या बारपासून हात डोलवत मोकळे केलेले कॉर्ड वाजवतो. तो डोलणारा साचा डावं मनगट मोडलेल्यालाही पहिल्या महिन्यात नको.

टप्पा 7: फसवे पीस ओळखा

परतणारे पुन्हा पुन्हा हेच निवडतात, म्हणून नाव घेऊन सांगते.

बीथोव्हनच्या ‘मूनलाइट’ सोनाटाचा पहिला भाग. संथ आहे, म्हणून सोपा वाटतो. उजव्या हाताची आतली बोटं सलग तीन-तीनचे गट वाजवत असतात आणि त्याच हाताच्या करंगळीला वर धून धरून ठेवावी लागते. सगळ्यात दुबळ्या बोटावर सगळ्यात महत्त्वाचं काम, तेही न थांबता. डाव्या हाताला पहिल्या बारपासून ऑक्टेव्ह धरून ठेवायचे. कुठलाही हात दुखावला असला तरी हा पीस उशिराच्या यादीत टाका.

बीथोव्हनचाच ‘फ्यूर एलिझे’. सुरुवातीचे ते ओळखीचे दोन स्वर उजव्या हाताच्या चौथ्या-पाचव्या बोटांवर येतात, तीच बोटं प्लास्टरनंतर सगळ्यात मागे राहतात. पुढे एका भागात डावा हात खाली एकच स्वर भरभर ठोकत राहतो. लोक पहिलं पान वाजवतात आणि ‘आता जमतंय’ म्हणून पुढे जातात. जाऊ नका. पहिलं पान घ्यायचंच असेल तर सुरुवातीच्या स्वरांना 2 आणि 3 क्रमांकाची बोटं लावा आणि तिथेच थांबा.

शोपँचा ए मेजर प्रिल्यूड. ओपस 28 मधला सातवा, अवघे 16 बार. नवशिक्यांच्या पुस्तकांतही असतो. पण 12व्या बारमध्ये उजव्या हाताला ऑक्टेव्हपलीकडे पसरलेला कॉर्ड आहे. आधीचे 11 बार अलगद वाजवून तुम्ही तिथे पोचता आणि हात एकदम ताणता. तो कॉर्ड खालून वर एकेक स्वर मोकळा करून वाजवा, नाहीतर आतला एक स्वर डाव्या हाताला द्या.

हॅनॉन. हे व्यायाम आहेत, पीस नव्हेत, पण ‘आधी बोटं मोकळी करू’ म्हणून सगळे तिकडेच वळतात. बोटं उंच उचला, आणि मेट्रोनोम 60 वरून 108 पर्यंत न्या, ही त्या पुस्तकातली सूचना ठणठणीत हातासाठी आहे. बऱ्या होत असलेल्या स्नायुबंधांना तोच तो आघात सगळ्यात वाईट. अतिसरावाने दुखावलेल्यांनी तर ते पुस्तक बंदच ठेवावं.

सिनेमाची गाणी. धून सोपी असते. त्रास देतो तो डावा हात, कारण सवयीने तो ऑक्टेव्हमध्ये बेस ठोकतो. एकेरी बेस स्वर पुरे.

टप्पा 8: फक्त निरोगी हाताचे पीस जपून

उजवा हात अजून प्लास्टरमध्ये असताना डाव्या हाताचे पीस शोधणं साहजिक आहे. या प्रकारात पुष्कळ संगीत आहे. स्क्रियाबिनने स्वतःचा उजवा हात अतिसरावाने दुखावल्यावर 1894 मध्ये डाव्या हातासाठी लिहिलेले प्रिल्यूड आणि नॉक्टर्न (ओपस 9) लगेच समोर येतात. पण ते फार कसलेल्या हातासाठी आहेत. त्यातला नॉक्टर्न एका हाताला दोन हातांचं काम करायला लावतो. दुखापतीच्या काळात निरोगी हात आधीच घरातली सगळी कामं करत असतो, बादली उचलण्यापासून दार लावण्यापर्यंत. त्यावर तासभर असा पीस लादला की दुसराही हात दुखू लागतो.

मध्यम तयारीच्यांसाठी सी. पी. ई. बाखचा ए मेजरमधला एक छोटा पीस आहे. तो उजव्या किंवा डाव्या, कोणत्याही एका हाताने वाजवायचा म्हणूनच लिहिला आहे, आणि त्यात सगळा वेळ एकेरी ओळ आहे. याहून सोपं हवं असेल तर ‘ॲना माग्दालेना’च्या वहीतला जी मेजर मिन्युएट घ्या. निरोगी हाताचा भाग तुम्ही वाजवा, दुसऱ्या हाताचा भाग घरातल्या कुणाला, शिक्षकांना किंवा फोनवरच्या रेकॉर्डिंगला द्या.

तपासून पाहा: निरोगी हातालाही दुखऱ्या हाताइतकीच वेळेची मर्यादा ठेवा.

टप्पा 9: पीस हाताप्रमाणे बदला

छापलेलं सगळं वाजवलंच पाहिजे ही सक्ती सोडा. बदल करण्याचा क्रम असा ठेवा, म्हणजे संगीत कमीत कमी बिघडतं: आधी फिंगरिंग (कोणता स्वर कोणत्या बोटाने) बदला, मग स्वर दुसऱ्या हाताकडे द्या, मग कॉर्ड मोकळा करा, मग आतला स्वर गाळा. धून आणि सगळ्यात खालचा स्वर शेवटपर्यंत सांभाळा. ऑक्टेव्हमध्ये असलेल्या धुनेचा वरचा स्वर ठेवा आणि खालचा सोडा. बेसमध्ये खालचा ठेवा, वरचा सोडा.

बाखच्या त्याच प्रिल्यूडवर हे करून दाखवते. पाचव्या बारमध्ये डाव्या हाताला सी, ई आणि उजव्याला ए, ई, ए असे स्वर आहेत. उजव्याचा तो खालचा ए डाव्या हाताला द्या. डाव्याचा पंजा आता सी पासून ए पर्यंत उघडतो, म्हणजे सहा पट्ट्या, आणि उजव्याला फक्त ई आणि ए उरतात, चार पट्ट्यांचं अंतर. ऑक्टेव्ह नाहीसा झाला. गट पुन्हा येतो तेव्हा तो मधला ए पुन्हा डाव्यानेच घ्या, आणि बारभर पेडल धरा म्हणजे खालचा स्वर टिकेल. 7, 13 आणि 15 या बारमध्येही हेच चालतं. अशा बारमध्ये उजव्या हाताचे आघात 12 वरून 8 वर येतात. 10व्या बारमध्ये मात्र हे करू नका, तिथे डाव्यालाच ऑक्टेव्ह पडेल. बदल पेन्सिलने पानावर लिहा. तोंडपाठ ठेवलात तर घाईत हात जुनीच वाट धरतो.

टप्पा 10: किती वेळ, आणि काय कधी वाढवायचं

सुरुवात पाच मिनिटांनी. दिवसातून दोनदा किंवा तीनदा, मध्ये निदान दोन तासांचं अंतर. गजर लावा, कारण वाजवताना वेळेचं भान कुणालाच राहत नाही. आधी कोमट पाण्यात हात धरा किंवा फिजिओने दिलेले हलके व्यायाम करा.

वाढवण्यासारख्या चार गोष्टी आहेत: वेळ, वेग, जोर आणि ताण. एका आठवड्यात यांपैकी एकच वाढवा, आणि याच क्रमाने. वेळ 20 मिनिटांपर्यंत सुखाने गेली की वेग, वेगात आराम वाटला की जोर. ऑक्टेव्ह आणि मोठे कॉर्ड सगळ्यात शेवटी. दोन गोष्टी एकदम वाढवल्या आणि दुखलं, तर कशाने दुखलं ते कळत नाही.

दुखण्याचा निवाडा दुसऱ्या सकाळी करा. वाजवताना थोडी ओढ वाटली आणि तासाभरात गेली, तर आहे तसंच चालू ठेवा. सकाळी उठल्यावर मनगट आदल्या दिवसापेक्षा जड किंवा आखडलेलं असेल, तर कालचा पीस किंवा कालची वेळ जास्त होती. एक पायरी खाली या. वाजवताना सणक किंवा मुंग्या आल्या तर ओळ पूर्ण करायला थांबू नका, हात तिथेच उचला.

सावधान: वेदनाशामक गोळी घेऊन नवा पीस पारखू नका. हात काय सांगतोय ते ऐकूच येणार नाही.

टप्पा 11: आवडत्या पीसकडे परतताना

टप्पा 5 मधली पेन्सिल पुन्हा काढा. आवडत्या पीसच्या पानावर खुणा करा, आणि ज्या हालचाली आता कागदावर ‘चालेल’ झाल्या आहेत त्यांच्या खुणा खोडा. खुणा उरल्या नसतील असे बार आधी घ्या, ते पीसच्या मध्ये किंवा शेवटी असले तरी. सुरुवातीपासून सुरू केलं की हात जुन्या सवयीने धावत सुटतो. कुठूनतरी मधून सुरू केलं की त्याला वाचावं लागतं. शेवटचे चार बार, मग त्याआधीचे चार, असं मागून पुढे येणं यासाठी फार कामी येतं.

वेग जुन्याच्या निम्मा आणि आवाज मध्यम. जिथे पूर्वी ताण जाणवायचा, तिथलं फिंगरिंग नवं लिहा. दुखापत अतिसरावाने झाली असेल तर हे टाळताच येणार नाही. ज्या पीसने हात दुखावला, तो त्याच फिंगरिंगने, त्याच बैठकीत पुन्हा सुरू केला तर पुन्हा तेच होईल.

टप्पा 12: परीक्षा किंवा कार्यक्रम समोर असेल तर

ट्रिनिटी किंवा एबीआरएसएमच्या परीक्षेचा फॉर्म भरलेला असेल, तर पहिलं काम म्हणजे पुढे ढकलण्याचे किंवा वैद्यकीय कारणाचे नियम त्या मंडळाकडून लेखी विचारणं. मुदत उलटल्यावर नाही, आजच. मुदत हलत नसेल तर पीसची यादी बदला. अभ्यासक्रमात प्रत्येक ग्रेडला निवडीला बराच वाव असतो, आणि त्यातून कमी खुणांचे पीस शोधायला एक संध्याकाळ पुरते. मुलांच्या पालकांना आग्रहाने सांगते: ग्रेड पुढच्या सत्रातही देता येते. दुखऱ्या हाताने रेटून दिलेल्या परीक्षेनंतर मूल पियानोलाच घाबरू लागलं, तर ती भीती काढायला फार वेळ जातो.

घरगुती कार्यक्रम किंवा गणपतीतलं वादन असेल तर दोन छोटे पीस निवडा आणि त्यांच्या मध्ये दुसऱ्या कुणाचं गाणं ठेवा. दोन्ही पीस कार्यक्रमाच्या आधी दोन आठवडे, एकदाही दुसऱ्या सकाळी न दुखता, पूर्ण वाजलेले असावेत. एक जरी त्यात बसत नसेल, तर एकच वाजवा.